पिवळ्याखालचा गुलाबी

१२ मे

पॅरिसहून थिबोचा फोन आला. थिबो म्हणजे प्रकाशनातला नवा संपादक, वय चौतीस, दर वाक्याला 'बरोबर ना?' म्हणतो. येत्या जानेवारीत सोस्तेनला, आमच्या चित्रकथेतल्या कालवा-राखणदाराला, पन्नास वर्षं होताहेत, म्हणून बेचाळिसावं पुस्तक काढायचं ठरलंय. मी विचारलं, चित्रं काढणारा रेमों जाऊन चार वर्षं झाली, आता काय वरून पाठवणार आहे? तर म्हणाला, त्याच्या कपाटात एक अख्खी गोष्ट शाईने काढून तयार सापडली. शेहेचाळीस पानं. फक्त रंग द्यायचे राहिलेत.

मी उठून टेबलावरचं सामान बाजूला सारायलासुद्धा लागले. म्हटलं, कधी पाठवताय?

"तेच सांगतोय, मादाम. रंगांसाठी आम्ही माएल नावाची मुलगी घेतली आहे. फार गुणी. तुम्ही तिला जरा मार्गदर्शन करायचं, बरोबर ना?"

कारण काय, तर माझे डोळे. मोतीबिंदू काढून वर्ष झालं. समोरच्या छपरावरच्या कबुतराची पिसं मोजून दाखवते म्हटलं. तो हसला. मग सहज म्हणून आणखी एक सांगितलंन. मुखपृष्ठावर त्या मुलीचं नाव येणार आहे. हल्ली तशी पद्धत आहे म्हणे.

एकेचाळीस पुस्तकं मी रंगवली. एकावरही माझं नाव नाही. जेवण गेलं नाही.

१४ मे

दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून इथेच लिहून टाकते.

आमच्या अंगुलेम शहरात घराबाहेर पडलं की सोस्तेन. स्टेशनजवळच्या भिंतीवर तीन मजली सोस्तेन, कालव्याच्या दाराला टेकून झोपा काढतोय. पोरांच्या दप्तरांवर सोस्तेन. मोहरीच्या चटणीची बरणी संपली की जो ग्लास उरतो त्याच्यावर सोस्तेन. पोस्टात रांग अडली की खिडकीतला माणूस म्हणतो, "अजून पाणी भरतंय!" आणि अख्खी रांग हसते. परवा संसदेत कुणी मंत्रीही तेच म्हणाला. नावा ताटकळत ठेवणाऱ्या एका आळशी कालवा-राखणदाराच्या तोंडचं वाक्य, पण आता देश त्याच्यावर चालतो.

आणि त्याचा तो पिवळा कोट! रेनकोटाच्या दुकानात 'सोस्तेन पिवळा' मागतात, रंगाच्या दुकानात मागतात, कुठल्याशा गुलाबालाही ते नाव दिलंय. रेमोंने काय सांगितलं होतं ते फक्त मला ठाऊक आहे. पहिलं पान माझ्या हातात आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पानाला चिठ्ठी होती: कोट करडा. आभाळ करडं, पाणी करडं, दगड करडे, आणि त्यात हा करड्या कोटात. माणूस दिसेचना. मी त्याला पिवळा दिला. रेमों खवळला. "हा राखणदार आहे की नवरदेव?" दोन दिवस बोलला नाही. पान मुलांच्या साप्ताहिकात छापून आलं आणि पुढच्या आठवड्यात मुलांची पत्रं आली, पिवळ्या काकांना आणखी काढा म्हणून.

वीसेक वर्षांनी त्याची रेडिओवर मुलाखत लागली. आम्ही दोघांनी त्याच्या कामाच्या खोलीत बसून ऐकली. "एका पावसाळी सकाळी कालव्यावर उभा असताना तो पिवळा मला सुचला," असं सांगितलंन. मी तेव्हा त्याच कोटात रंग भरत होते. मुलाखत संपल्यावर मला म्हणतो, "आवाज बरा आला ना गं?"

मी म्हटलं, बरा आला.

२ जून

ती आली. सत्तावीस वर्षांची, केस पुरुषासारखे कापलेले, आणि अंगात काय, तर सोस्तेन कोट. ऊन पडलेलं असताना! सोबत एक केक आणला होता, स्वतः केलेला, मध्ये बसलेला.

"मादाम ओदील, मी वाचायला शिकले ते सोस्तेनवरच. बाबा रोज एक पान वाचून घ्यायचे. शब्द अडला की म्हणायचे, रंगावरून ओळख."

गोड बोलणाऱ्यांचा मला भरवसा नाही. हिने आयुष्यात ब्रश धरलेला नाही, सगळं कॉम्प्युटरवर. पण हे पुस्तक जुन्या पद्धतीनेच करायचं आहे, निळ्या पानांवर. म्हणजे काळं चित्र एका पारदर्शक फिल्मवर, आणि तेच चित्र फिक्या निळ्या रेघेत जाड कागदावर छापून येतं. रंग त्या जाड कागदावर द्यायचा आणि वरून ती काळी फिल्म टाकून बघायचं. ती पानं हिने हातात घेतली आणि वास घेतला. मला हसू आलं. मग रागही आला. ती पानं माझ्या टेबलावर यायला हवी होती.

पुस्तक होईपर्यंत इथेच खोली घेतली आहे तिने. आठवड्यातून तीनदा येणार.

१६ जून

खोटं कशाला लिहू, हात चांगला आहे तिचा. दगड कसे ओले दिसतील, पाण्यात आभाळाचा किती अंश सोडायचा, सोस्तेनच्या शेळीला पांढरं ठेवायचं म्हणजे पांढरा द्यायचा नाही, हे सगळं मी दाखवलं आणि तिने उचललं. जे शिकायला मला वर्ष लागलं ते हिला पंधरा दिवसांत येतंय. 

आज कोट आला. तिने विचारलं, "हा पिवळा नक्की कसा करता?"

मी पिवळ्याची बाटली दाखवली, त्यात किती थेंब नारिंगी ते सांगितलं. तिने लिहून घेतलं.

पिवळ्याखाली आधी फिक्या गुलाबीचा एक पातळ हात द्यायचा असतो. तो वाळला की मग पिवळा. नाहीतर खालची निळी रेघ पिवळ्यात उतरते आणि छापल्यावर कोट हिरवट दिसतो. टेबलावर काही कळत नाही, छापल्यावरच कळतं. हे मी स्वतः शोधलं, पाच-सहा पानं नासवून. रेमोंलाही कधी सांगितलं नाही.

हिला सांगितलं नाही. विसरले असंही नाही. ओठांवर आलं होतं ते गिळलं.

१७ जून

रविवार. धाकट्या बहिणीकडे, जोझियानकडे, जेवायला गेले. गोगलगाई केल्या होत्या, लसूण जास्त. तिला गुलाबीचं नाही सांगितलं, फक्त मुलगी आगाऊ आहे म्हटलं.

"काय केलंन तिने?"

"काही नाही. केक आणते."

"अगं, म्हणजे गुन्हाच की!" जोझियानला थट्टा सुचते. "ओदील, चाळीस वर्षं त्या माणसाबरोबर मनातल्या मनात भांडलीस. तो मेला, आता पोरीशी भांडतेस. सरळ म्हण ना, जळते मी म्हणून."

मी म्हटलं, मी कशाला जळू? माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी ती. जोझियानने चीज पुढे केलं.

११ जुलै

खिडक्यांच्या झडपा रंगवायला काढल्यात, म्हणून रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार पोरगेलासाच. त्याने रंगांचा पंखा उलगडला आणि एका पट्टीवर बोट ठेवलं. "हा सोस्तेन पिवळा, बाई. पण खरा नाही हं. खरा याहून उबदार असतो. तो साधायला फार कठीण. चित्रकाराचा डोळाच तसा होता."

मी झडपांना करडा घेतला.

२९ ऑगस्ट

तीस पानं झाली. आज तिने मला न विचारता कॉफी करून ठेवली होती, मला लागते तशी, कडू. मी प्यायले.

ती कागदावर वाकली की बाकी जगाचं भान राहत नाही तिला. मान एका बाजूला, जिभेचं टोक बाहेर. मी पण अशीच बसायचे, रेमों हसायचा. हे मला आवडत नाही. माझी जागा, माझा दिवा, माझी मानसुद्धा हिने घ्यावी?

१४ सप्टेंबर

माएल काल झिनेतकडे गेली होती. झिनेत, रेमोंची बायको. प्रत्येक उद्घाटनाला पिवळा स्कार्फ बांधून पहिल्या रांगेत बसते. केस अजून रंगवते, हिवाळ्यात तांबूस, उन्हाळ्यात सोनेरी. मला काय त्याचं. जुनी पानं बघायची म्हणून माएल गेली होती म्हणे.

आल्यावर कोट काढून टेबलाशी बसली. मग विचारलंन, "मादाम, कोटाच्या पिवळ्याखाली काही नसतं ना?"

 म्हटलं, "काय असणार?"

"नाही, असंच. काही देत नव्हतात ना तुम्ही खाली?"

"नाही."

"बरं," म्हणाली आणि ब्रश धुवायला गेली.

हिला संशय आला की काय? छे. तेवढी अक्कल कुठली. संशय आला असता तर भांडली असती. मी भांडले असते.

५ ऑक्टोबर

आज सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. दुरुस्ती अजून शक्य होती, पानं इथेच होती, तिला पंधरा दिवस रात्रंदिवस बसावं लागलं असतं इतकंच. मी सकाळी गुलाबीची बाटलीसुद्धा काढून ठेवली, आणि ती आल्याबरोबर म्हटलं, आज तुला काहीतरी सांगायचंय.

तर ती गॅलरीत फोनवर. दार अर्धं उघडं. थिबोशी बोलत होती, आवाज चढलेला. "नाही थिबो, छोट्या अक्षरात नाही. मुखपृष्ठावर, रेमोंच्या बरोबरीने, त्याच मापात. नाहीतर पानं मी देत नाही. हो, धमकीच समजा!"

रेमोंच्या बरोबरीने! त्याच मापात! चार महिने ब्रश धरला नाही तोच हिला चित्रकाराच्या मापाचं नाव हवंय. मी पन्नास वर्षांत एकदा तरी तोंड उघडलं का? आणि वर धमकी. मला तर ऐकवेना.

आत आली तेव्हा गाल लाल, डोळे चमकत होते. "मादाम, तुम्ही आज काहीतरी सांगणार होतात?"

"काही नाही," म्हटलं. बाटली कपाटात ठेवून दिली.

८ नोव्हेंबर

छपाईचे नमुने आले. थिबो स्वतः घेऊन आला, पॅरिसहून उभ्या उभ्या आल्यासारखा तासाभरात परत. पाणी सुंदर. दगड सुंदर. कोट हिरवट. फार नाही, पण आजारी माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा.

माएल नमुना खिडकीजवळ नेऊन बघत राहिली. "मादाम, हा थोडा हिरवा नाही वाटत?"

थिबोनेही माझ्याकडे पाहिलं. दोघं माझ्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत माझ्या शब्दासाठी कुणी असं थांबलेलं मला आठवत नाही.

मी म्हटलं, "नमुन्यात पिवळा असाच दिसतो. मोठ्या यंत्रावर बसतो आपोआप."

"बघ, मादाम म्हणताहेत म्हणजे झालं," थिबो म्हणाला. "बरोबर ना?"

माएलने मान हलवली आणि नमुना घडी न घालता नीट पिशवीत ठेवला. पुढे काय होणार ते मला माहीत होतं. होऊ दे म्हटलं. मिरवा मुखपृष्ठावर.

१० जानेवारी

पुस्तकाचं पार्सल आलं. आत माएलची चिठ्ठी: 'पुस्तक हातात पडेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं. थिबोला शपथ घातली होती.'

मुखपृष्ठावर सोस्तेन, हिरवट कोटात. वर रेमोंचं नाव. खाली, त्याच मापात:

रंग: ओदील व्हेर्न्यो

त्याच्या खाली, अर्ध्या मापात, माएलचं.

मी स्वयंपाकघरात उभी होते, बसले. कढईतलं लोणी जळलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर होतं.

५ ऑक्टोबरचं पान काढून वाचलं. पुन्हा वाचलं. ती माझ्या नावासाठी भांडत होती. मी दाराआड उभी राहून तिच्या हावरेपणाला नावं ठेवत होते. आता मी काय करू? आणि पहिला विचार काय आला तो पण लिहिते, लाज सोडून: माझं नाव छापलंय, आणि ते हिरव्या कोटावर छापलंय.

२३ जानेवारी

वर्तमानपत्रं, रेडिओ, सगळीकडे तेच. 'सोस्तेनला शेवाळ चढलं?' 'आमचा पिवळा कुठे गेला?' एका शाळेतल्या मुलांनी वर्गात कोट रंगवून प्रकाशनाला पाठवले, असा पिवळा असतो म्हणून. बेकरीत बाईने विचारलं, "काय हो, तुम्हीच ना त्या रंगवाल्या?" पन्नास वर्षं मी तिच्याकडून, तिच्या आईकडून पाव घेते. आज तिला कळलं.

एका समीक्षकाने लिहिलंय: या पिवळ्यावर आपलं किती प्रेम होतं ते तो गेल्यावर कळलं, आणि तो कुणी दिला होता हे कधी विचारलंच नव्हतं. ते कात्रण मी ठेवलं. बाकीची फेकली.

माएल रेडिओवर बोलली. "चूक माझी आहे. मादाम व्हेर्न्योंनी शिकवलं ते मला जमलं नाही. त्यांच्याकडे बोट दाखवू नका."

जोझियानचा फोन आला. "ऐकलंस का? किती गुणाची पोर गं! बिचारी सगळं अंगावर घेतेय."

"हो," म्हटलं.

"तू तिला काही बोलली नाहीस ना, चिडून?"

मी म्हटलं, नाही, मी काहीच बोलले नाही.

२ फेब्रुवारी

चित्रकथांच्या उत्सवाचा शनिवार. इतकी वर्षं मी तिकीट काढून आत गेले, आज गळ्यात नावाची पट्टी घालून गेले. मोठ्या मंडपात टेबल, त्यावर माझं नाव आणि माएलचं. वाचक पुस्तक उघडतात, पहिल्या कोऱ्या पानावर चित्रकाराने काहीतरी काढून सही करायची असते. मला रेघ येत नाही. कधी आलीच नाही. पण माएलला येते, म्हणून आमचं असं ठरलं: तिने पेनाने सोस्तेन काढायचा, मी रंग भरायचा.

ती मला बघून उठली, दोन्ही गालांवर पापी घेतली. हडकली आहे. "मादाम, घाबरू नका. चिडलेले आले तर मी बोलेन."

चिडलेले आलेच. एक म्हातारा पुस्तक आपटून म्हणाला, "काय करून ठेवलंत हे?" माएल म्हणाली, "चुकलं माझं. पण आज मादाम स्वतः भरणार आहेत, बघा तरी." आणि भराभर रेघा मारून पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

मी माझी पेटी उघडली. गर्दी होती, लोक बघत होते, मला बरं वाटत होतं. हे लिहिलंच पाहिजे, फार बरं वाटत होतं. हाताला कधी विचार करावा लागत नाही. ब्रश भिजवला, गुलाबीत बुडवला, कोटावर एक पातळ हात दिला. फुंकर मारली. मग पिवळा.

म्हातारा म्हणाला, "हाच! हाच तो!" मागच्यांनी टाळ्या वाजवल्या.

माएल टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या ब्रशाकडे बघत होती. मग पेटीतल्या गुलाबीकडे.

"झिनेतबाईंकडच्या जुन्या पानांवर दिसला होता मला," ती हळू म्हणाली. "कोटाच्या कडेला, जरासा बाहेर आलेला. म्हणून मी येऊन विचारलं. तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, माझे डोळे फसले असतील. तुम्ही कशाला खोटं सांगाल."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून काय निघालं? "तुझं नाव मोठं येणार असं मला वाटलं होतं."

तिने पेनाला टोपण लावलं. कोट खुर्चीवरून उचलला, दुकानातला तो पिवळा, आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही. रांगेतल्यांना वाटलं, कॉफी आणायला गेली असेल.

पुढच्या बाईने कोरं पान माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, मला चित्र येत नाही, मी फक्त रंग देते. ती म्हणाली, मग नाव तरी लिहा. मी लिहिलं. मागचाही तेच म्हणाला. संध्याकाळी सहापर्यंत मी नाव लिहीत बसले. हवं होतं ना? घे.

५ फेब्रुवारी

तीन वेळा फोन केला. उचलत नाही. उत्सवापुरती ती पुन्हा त्याच खोलीत उतरली होती; मालकिणीने सांगितलं, रविवारी सकाळच्या गाडीने गेली, भाडं देऊन, फुलदाणी घासून.

आज थिबोला पत्र लिहिलं. फोनवर मी फिरवाफिरव केली असती, म्हणून कागदावर. असं:

'कोटाच्या पिवळ्याखाली आधी फिक्या गुलाबीचा हात द्यायचा असतो. माएलला मी तो मुद्दाम सांगितला नाही. तिने सप्टेंबरात विचारलं, तेव्हा नाही म्हणाले. नोव्हेंबरात तुमच्या दोघांच्या समोर खोटं बोलले. हे तुम्ही वर्तमानपत्राला दिलंत तरी माझी हरकत नाही. दुसऱ्या आवृत्तीत माएलला कोट पुन्हा करू द्या, ती करायला तयार झाली तर. मुखपृष्ठावर तिचं नाव रेमोंच्या मापात घाला. माझं काढा.'

शेवटचे दोन शब्द लिहायला पाऊण तास लागला. मध्ये एकदा 'लहान करा' असं लिहिलं होतं, ते खोडलं आणि पत्र नव्याने उतरवून काढलं. पाकीट चिकटवण्याआधी पुस्तक पुन्हा एकदा घेऊन बसले, माझ्या नावावरून बोट फिरवलं. दुपारी कोपऱ्यावर जाऊन पत्र पेटीत टाकलं. टाकल्यावर फटीत बोटं घालून पाहिली, परत काढता येतं का म्हणून. येत नाही.